घाटाखालची धाप

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी आमचे भावजी एकटे वाहत होते, आणि उरलेली निम्मी लोक नीट वाहतात की नाही याचीही काळजी त्यांनाच होती. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. किन्हवलीच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. वाशिंदच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं बॉयलर सांभाळला. बॉयलरवरचा माणूस बेफिकीर असून चालत नाही, हे मला मान्य आहे; पण भावजी ती काळजी रोज रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन यायचे. ताईने कुकर चढवला की हे दाराच्या चौकटीत उभे राहायचे आणि पोरांना अंगणात हाकलायचे. दुसरी शिट्टी झाली की पुढे होऊन स्वतःच्या हाताने स्टो बंद. त्या घरात शिजलेली डाळ अशी कुणी कधी खाल्लीच नाही. ताई चिडली की म्हणायचे, "कच्च्या डाळीनं कोण मेलंय का गो? दाबाचं तसं नाय." एसटी उशिरा आली तर यांचा जीव टांगणीला लागे, हे कुणाचंही होतं. पण एसटी वेळेवर आली तर हे पायरीवर पाय ठेवायच्या आधी कंडक्टरला विचारायचे, "टायमावर कशी काय आली? कायतरी गडबड हाय काय?"

नव्वदीच्या मधल्या वर्षांत कारखान्याने तो बॉयलर मोडीत काढला आणि भावजी कायमचे घरी आले. आता बावीस वर्षांची मुरलेली काळजी मोकळी होऊन घरभर फिरू लागली. आठ दिवसांत त्यांनी विहिरीचा रहाट दोनदा उतरवून तपासला आणि झोपलेल्या ताईला "झोपलीस ना नीट?" असं विचारायला उठवलं. नवव्या दिवशी ताईचा मला निरोप आला, "बाळू, यांना कायतरी सांभाळायला दे. नायतर हे मला सांभाळतील."

मी तेव्हा मुरबाड तालुक्यात गुरांच्या एका दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डॉक्टर म्हणायचे आणि मी त्यांना अडवत नसे. एकटे भावजी चारचौघांत "हा डॉक्टर नाय, सुया टोचतो" असं सांगायचे, आणि औषध मात्र माझ्याकडूनच न्यायचे. मी म्हटलं, भावजी, एक संकरित गाय घ्या. हे वाक्य मी का बोललो, याचा मी पुढे कितीतरी उन्हाळे विचार केला आहे.

गाय मिळाली ती माळशेज घाटाच्या वरच्या एका गावात. काळीपांढरी, रुंद कपाळाची, शांत. तिचा मालक एक वयस्क शेतकरी होता. भावजी त्याला पहिल्या भेटीपासून 'वरचे बाबा' म्हणायला लागले. दिवस थंडीचे होते. दावं हातात देताना बाबा म्हणाले, "हिला ऊन सोसत नाही बरं का पाव्हणं. उन्हाळ्यात गोठ्याला चारी बाजूंनी गोणपाट सोडायचं आन् ते ओलं ठेवायचं. आम्ही दरसाल तेच करतो. वारा कसा गारेगार येतो." भावजींनी हे वाक्य दोनदा म्हणून घेतलं आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. परत येताना मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि भावजी मागे गाईजवळ उभे राहिले. घाट उतरून वैशाखऱ्याला टेम्पो चहाला थांबला, तसा मागून आवाज आला, "बाळू, वर हिचा श्वास मिनिटाला सव्वीस होता. हितं बत्तीस झालाय."

"भावजी, टेम्पोत उभी आहे ती. घाबरली असेल."

"मी पण टेम्पोतच हाय. माझा वाढला काय?"

माझा कप तसाच राहिला. भावजींचा अर्थातच वाढला होता, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

गाईला नाव त्यांनी ठेवलं नाही. ते तिला नुसतं 'बाय' म्हणत. पण नाव सोडून बाकी सगळं तिला मिळालं. कारखान्यात तासातासाला दाब लिहून ठेवायची जशी वही असे, तशी एक रेघारेघांची जाडजूड वही गोठ्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगली गेली. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत दर तासाला बायचे श्वास मोजायचे आणि वहीत चढवायचे. गाईची कूस वरखाली होते ती मोजतात. मी लोकांना पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला सांगत असे. भावजी पुरं मिनिट मोजायचे. गुणाकारावर त्यांचा भरवसा नव्हता. "उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत काय झालं ते तुला काय ठाव?" असं त्यांनी मला विचारलं. ते बाजाराला गेले की ताईने मोजायचं आणि समोर सही करायची, कारण पाळी बदलली की सही लागते. ताईला घरात सतरा कामं. तिने एकदा अकरा ते चार सगळीकडे चाळीस, चाळीस, चाळीस लिहून टाकलं आणि खाली झोकात सह्या केल्या. संध्याकाळी भावजींनी वही बघितली आणि तसेच एसटी पकडून माझ्या दवाखान्यात आले. चेहरा पांढराफटक. "बाळू, सहाच्या सहा येळा एकच आकडा. ही गाय हाय का घड्याळ? आत कायतरी अडकलंय."

त्यांचं गाईविषयीचं सगळं शास्त्र बॉयलरवरून आलेलं होतं. गाय म्हणजे चार पायांची भट्टी. वैरण म्हणजे जळण. सुका पेंढा टाकला की आत जाळ वाढतो. "दुपारी पेंढा घालणं म्हणजे पेटल्या भट्टीत कोळसा वतणं," असं ते अख्ख्या आळीला ऐकवत. गंमत अशी की ते चूक नव्हतं. सुकी, जाड वैरण पचताना पोटात ऊब जास्त होते, म्हणून उन्हाळ्यात पेंढा सूर्य कलल्यावर द्यावा आणि दिवसा ओलं-हिरवं द्यावं, हे मीही सांगत असे. फरक इतकाच की मी सांगून घरी जायचो. भावजींनी विहिरीच्या कडेने हत्तीगवत लावलं, पेंढ्याची वेळ संध्याकाळवर नेली, पाण्यात मीठ आणि गुळाचा खडा घालायला सुरुवात केली, कारण बॉयलरवरच्या माणसालाही उन्हाळ्यात मीठ लागतं. मी दिलेली क्षारांची भुकटी त्यांनी आधी स्वतः चाखून बघितली. "चुन्यागत लागते," म्हणाले, "पण घास उतरतो." शेजाऱ्याचा एक गावठी बैल होता. तो भर बाराच्या उन्हात बांधावर उभा राहून निवांत रवंथ करायचा. भावजींना ते बघवेना. एकदा छत्री घेऊन गेले आणि तीनदा त्याचे श्वास मोजून आले. शेजाऱ्याला म्हणाले, "तुझ्या बैलाला दाखव कुणालातरी. हा धापतच नाय." शेजारी पुढे वर्षभर मला भेटला की विचारायचा, "डॉक्टर, माझा बैल धापायला लागंल असं एखादं औषध हाय काय?"

चूक माझ्याकडूनही झाली होती. मी त्यांना एकदा नको तेवढं समजावून सांगितलं. लसीकरणाला गेलो असताना त्यांनी विचारलं, ऊन आणि रोग यांचं काय नातं? मी म्हणालो, भावजी, ऊन गाईला सहसा थेट मारत नाही. उन्हाने तिची भूक जाते. खात नाही म्हणजे अंगात बळ साठत नाही. आणि बळ नाही म्हणजे रोग दाराशी आला तर त्याला अडवायला राखण नाही. मी बोललो आणि विसरलो. भावजींच्या डोक्यात ती राखण जाऊन बसली. त्या दिवशी त्यांनी मला लस टोचू दिली नाही. "आज नको. काल हिनं दोन पेंढ्या कमी खाल्ल्यात. राखण हाय का नाय ते मला बघू दे, मग तुझी सुई." मी तीन वेळा लसीचा बर्फाचा डबा घेऊन गेलो आणि दोनदा तसाच परत आलो. मला राग यायचा. आता वाटतं, मी ज्यांच्या ज्यांच्या दारात सुई घेऊन गेलो, त्यात गाय काल काय जेवली हे सांगू शकणारा तो एकच माणूस होता.

दुसऱ्या वर्षीचा मे महिना लागला तेव्हा बाय गाभण होती, नववा महिना सुरू. आमच्याकडचा मे म्हणजे नुसतं ऊन नव्हे. अंगावरचा सदरा सकाळी आठला भिजतो तो संध्याकाळपर्यंत वाळत नाही. वर आभाळ भरून येतं आणि काही न देता निघून जातं. एका रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो. बघतो तर गोठ्याच्या चारी बाजूंनी आढ्यापासून जमिनीपर्यंत गोणपाट सोडलेलं, आणि भावजी कळशी घेऊन ते भिजवतायत. पहिला उन्हाळा बायने करंजाच्या झाडाखाली काढला होता, कारण एवढं गोणपाट जमायला वर्ष गेलं; यंदा मात्र वरच्या बाबांचा कागद त्यांनी शब्दन् शब्द पाळला होता. माझ्या पिशवीतल्या माहितीपत्रकातही तेच लिहिलेलं होतं, चित्रासकट. मी आत डोकावलोसुद्धा नाही. "झकास काम केलंत भावजी," म्हणालो, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली आणि ओटीवर ताणून दिली. ती झोप मला अजून टोचते.

चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्यात फोन आला. भावजी किन्हवलीच्या फोनबूथवरून बोलत होते. "बाळू, ब्याण्णव." पुढे नुसता त्यांचाच श्वास ऐकू येत होता. "तोंड उघडलंय. जीभ भायेर. लाळ गळतेय. गोणपाट मी अर्ध्या-अर्ध्या तासाला भिजवतोय, तरी वाढतोय." मी ताप विचारला. एकशे पाच. मग आवाज एकदम खाली गेला. "दोन दिस नीट खात नाय ती. राखण नाय रे आता. दाराशी कोण नाय."

मी मोटरसायकल काढली. सरळगाववरून किन्हवलीपर्यंतचा तो रस्ता मला एवढा लांब कधी वाटला नव्हता. पोचलो आणि गोणपाट सारून आत गेलो. आत अंधार, चिकचिक, आणि शेणाचा कोंदट वास. बाय मान पुढे ताणून उभी होती आणि तिची कूस मोजता येणार नाही इतकी भराभर हलत होती. भिंतीवरची वही दमट होऊन फुगली होती, पानं एकमेकांना चिकटली होती. मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, "भावजी, अजून पाणी मारा." आणि ते धावत विहिरीकडे गेले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दोन्ही हातांत कळश्या, धोतराचा सोगा चिखलात लोळतोय, आणि मी त्यांना अजून पाणी आणायला सांगतोय.

ते भरल्या कळश्या घेऊन परतले तेवढ्यात ताई दाराशी आली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात तांदळाच्या पापड्या. तिने त्या आमच्यासमोर धरल्या. पापड्या वाळलेल्या नव्हत्या. कडेला हिरवट बुरशी धरली होती. "या मी परवा गोठ्यामागं सावलीत टाकलेल्या," ती म्हणाली. "दरसाल तितंच टाकते. औंदा तुमच्या या ओल्या गोण्यांच्या कडेला दोन दिस वाळल्या नायत. माझी पापडी वाळत नाय, तर आतमधी तिचा घाम कसा वाळंल? तुमी दोघं शिकलेलं हाव, तुमीच सांगा."

मी एक पापडी उचलली, ती बोटाला चिकटली. भावजींच्या हातातली कळशी खाली आली. ते गोणपाटाकडे बघत राहिले आणि मग एकच शब्द म्हणाले, "वाफ."

घाटावर हवा कोरडी. तिथे ओल्या गोणपाटातलं पाणी उडून जातं आणि आत गारवा येतो. आमच्या घाटाखाली हवेलाच घाम फुटलेला असतो. इथे ओलं गोणपाट म्हणजे गोठ्याला झाकण. वरच्या बाबांनी खोटं सांगितलं नव्हतं, माहितीपत्रकानेही नाही. दोघांनाही किन्हवली ठाऊक नव्हती, आणि ज्या दोघांना ठाऊक होती ते दोघे कळशी कळशी पाणी ओतत होते. त्यातला एक जन्मभर वाफ सांभाळून आलेला होता. भावजींनी कपाळावर हात मारला. "बावीस वर्सं मी वाफ कोंडली, पण माणसाला कधी तिच्यात उभा केला नाय. आनि हिला मी..." त्यांनी गोणपाट ओढून फाडलं, एक, दोन, चारही बाजूंचं. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाआड कारवीच्या काटक्यांच्या कुडाची भिंत होती, दोन वर्षांमागे त्यांनी स्वतः सारवून उभी केलेली. ती त्यांनी लाथेने पाडली. शेजारी आवाज ऐकून धावत आला आणि काही न विचारता पहारीने उरलेली भिंत पाडू लागला.

बायला आम्ही करंजाच्या सावलीत आणलं. तिच्या पाठीवर पाणी ओतायचं आणि ताईने सुपाने वारा घालायचा, पुन्हा पाणी, पुन्हा वारा. शहापूरहून मोठे डॉक्टर आले. कानाचं रक्त तपासलं तर गोचीडताप. तो बहुधा आधीपासूनच तिच्या अंगात दबून होता. थंडीत तिने त्याला डोकं वर काढू दिलं नव्हतं. भावजी तिच्या समोर उकिडवे बसले होते. घड्याळ हातात होतं, पण मोजत नव्हते. मला म्हणाले, "तू मोज. माझ्या मोजण्याचा आता भरवसा नाय." मी पुरं मिनिट मोजलं. अठ्ठ्याऐंशी. मग ऐंशी. ऊन कललं तेव्हा अडुसष्ट. तिने तोंड मिटलं आणि जीभ आत घेतली, तेव्हा भावजी उठून विहिरीमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. ताई म्हणाली, "जाऊ दे त्यांना."

बाय वाचली. बारा दिवसांनी ती व्याली, वेळेच्या थोडी आधीच. कालवड झाली, पण मुठीएवढी, आणि बायच्या सडांत चीक नावालाच. पहिल्या दुधाचा चीक म्हणजे आईने वासराला दिलेली राखण असते. तो पोटात गेला नाही तर वासरू पहिल्याच पावसाळ्यात जातं. हे मी भावजींना सांगितलं नाही. ते त्यांनीच माझ्या तोंडावरून ओळखलं. शेजाऱ्याची गावठी गाय त्याच सकाळी व्यालेली होती आणि त्याच्या घरात चीक खरवसाला काढून ठेवलेला होता. ताई गेली आणि पातेलंच उचलून घेऊन आली. "खरवस पुढच्या वर्सी खा," असं त्याला सांगून आली. भावजींनी कालवडीला तो बाटलीने पाजला. शेजारी दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "पी पी. आमच्यातली राखण हाय. ऊन बगून धापायची नाय." यावर भावजी हसले. त्या महिन्यात मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

कालवड जगली. पण बाय मात्र पहिल्यासारखी झाली नाही. पावसाळा तिने काढला, आणि दसऱ्यानंतरच्या उन्हात तिची कास सुजली. तीही बरी केली तर पुन्हा गोचीड. वही आता गोठ्यात नव्हती. फेब्रुवारीत, ऊन लागायच्या आधी, त्यांनी एक दिवस टेम्पो बोलावला आणि बायला घेऊन घाट चढून वर गेले. बाबांच्या दाराशी तिला बांधून एकटेच परत आले. काय व्यवहार झाला ते मला कधी कळलं नाही, ताईलाही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती हितली नव्हती रे. मी तिला हितं आणली आनि मग तिची काळजी करत बसलो. ती काळजीच तिच्या नरड्याशी आली."

कालवड घाटाखालची होती. तिला त्यांनी उघड्या गोठ्यात वाढवलं, वाऱ्याच्या बाजूची भिंत परत कधी उभीच केली नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ लागल्या. पण दर मे महिन्यात एक दिवस ते सकाळची एसटी धरून घाटावर जात आणि संध्याकाळी परत येत. आल्यावर ताई चहा ठेवता ठेवता विचारायची, "किती?" आणि ते आकडा सांगायचे. बस्स, एवढंच.

पाच-सहा वर्षांनी एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. भावजींचे गुडघे धरले होते, चढावर ते माझा खांदा धरून चालत होते. बाबा थकले होते, पण ओटीवर होते. बाय त्यांच्या विहिरीजवळ उभी होती, म्हातारी, पाठीचा कणा वर आलेला; वारा तिच्या पोटाखालून वाहत होता. भावजींनी घड्याळ काढलं आणि पुरं मिनिट मोजलं. मग उगाच आणखी एक मिनिट मोजलं. "चोवीस," म्हणाले. मग जवळ गेले, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच "बाय" म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघितलं, आमच्यामागून जाणाऱ्या एका कुत्र्याकडे बघितलं, आणि मान फिरवून गव्हाणीत तोंड घातलं.

मला वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "भावजी, म्हातारी झाली. ओळखलं नसेल तिने."

भावजींनी घड्याळ खिशात टाकलं. "नाय ओळखलं," म्हणाले. "बरं झालं. ओळखलं असतं तर श्वास वाढला असता." आणि परतीची एसटी वेळेवर येते की काय, या काळजीने ते माझा खांदा धरून भराभर उतरू लागले.